रेकॉर्ड की सीडी? डीजे मिक्सिंगमधला खरा फरक

फोनवर डीजेचं कुठलंही ॲप उघडा, स्क्रीनवर बहुतेक वेळा दोन गोल चकत्या दिसतील. बोटाने चकती मागे ओढली की गाणंही मागे जातं. फोनच्या आत तर फिरणारं काहीच नाही, मग ही चकती आली कुठून? रेकॉर्डवरून सीडी प्लेयरवर आणि तिथून तुमच्या फोनवर. हा प्रवास कळला की ॲपमधलं ‘सिंक’ बटण कधी फसतं तेही कळेल.

मिक्सिंग म्हणजे काय?

एक गाणं संपायच्या आत दुसरं असं सुरू करायचं, की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये. त्यासाठी दोन्ही गाण्यांचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके, सारखा करावा लागतो. १२० बीपीएमचं गाणं १२५ला न्यायचं तर वेग साधारण ४.२ टक्के वाढवायचा. यात फक्त ०.१ टक्का फरक राहिला तरी मिनिटाभरात दोन गाणी ६० मिलिसेकंदांनी सरकतात. तेवढ्यानेही ठोका फुटल्यासारखा ऐकू येतो.

रेकॉर्ड: गाणं हाताखाली

टेक्निक्सचं एसएल-१२०० हे टर्नटेबल १९७२मध्ये आलं. १९७९च्या मार्क-टू मॉडेलमध्ये सरकपट्टीने वेग ८ टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येऊ लागला. मोटर थेट तबकडीखाली, मध्ये रबरी पट्टा नाही, त्यामुळे तबकडी झटकन वेग पकडते. रेकॉर्डखाली घसरतं कापड असतं, त्याला स्लिपमॅट म्हणतात. रेकॉर्ड हाताने धरली तरी खालची तबकडी फिरतच राहते. हात सोडला की गाणं सुरू!

तोटेही आहेत. मोठ्या स्पीकरच्या बेसने सुई थरथरते. वेग वाढवला की पट्टीही चढते. सुमारे ६ टक्के वाढवलं तर काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये जातं.

सीडी: गाणं मेमरीत

सीडी बाजारात १९८२ला आली. पायोनियरने डीजेंसाठी सीडीजे-५०० हा प्लेयर १९९४मध्ये काढला. पण खरा बदल झाला २००१च्या सीडीजे-१०००ने. त्यावरचं मोठं चाक रेकॉर्डसारखं ओढता, थांबवता यायचं. गंमत म्हणजे या चाकाने आतली सीडी हलत नाही. सीडी मिनिटाला साधारण ५०० ते २०० फेऱ्यांनी आपली फिरत असते. प्लेयर गाण्याचा डेटा आधीच मेमरीत भरून ठेवतो आणि चाक फिरवल्यावर त्या मेमरीतली जागा मागे-पुढे होते. तुमचं ॲपही हेच करतं, फक्त चाकाऐवजी काच आहे.

सीडीचे फायदे सरळ आहेत. क्यू बटण दाबलं की ठरवलेल्या जागी अचूक परत जाता येतं. ‘मास्टर टेम्पो’ लावला की पट्टी न बदलता वेग बदलतो. आणि वजन! एक एलपी साधारण १५० ग्रॅमची, सीडी १५ ग्रॅमची. मुलुंडहून अंधेरीला लोकलने १०० एलपी न्यायच्या म्हणजे १५ किलो, आणि दादरला गाडी बदलायची ती वेगळीच.

आपल्याकडे सीडी का जिंकली?

परदेशात डान्सची गाणी १२ इंची रेकॉर्डवर यायची. त्यांच्या सुरुवातीला आणि शेवटी नुसता ठेका असायचा, मिक्सिंगसाठीच. फिल्मी गाण्यांत ही सोय क्वचितच. कुठे सुरुवातीलाच आलाप, कुठे शेवट हळूहळू विरणारा. शिवाय नव्वदच्या दशकात कॅसेट आणि सीडीपुढे नव्या हिंदी गाण्यांच्या रेकॉर्ड निघणंच बंद होत गेलं. सीडी मात्र घरी बर्न करता यायची. कॉम्प्युटरवर गाण्याआधी आठ-सोळा ठोके जोडायचे, सीडी बर्न करायची, झालं.

सिंक कुठे फसतं?

ॲप गाण्याचे ठोके मोजून एक आखणी तयार करतं. कॉम्प्युटरवर बनलेल्या गाण्यात ती चपखल बसते. जुन्या फिल्मी गाण्यांत मात्र वादक हाताने वाजवत, त्यामुळे वेग थोडा हलतो. आर. डी. बर्मन यांचं ‘समाधी’मधलं (१९७२) मूळ ‘काँटा लगा’ आणि २००२चं त्याचं रिमिक्स पाठोपाठ ऐका. रिमिक्स नव्या, एकसारख्या बीटवर बांधलं आहे, म्हणून ते मिक्स करणं सोपं.

दुसरी अडचण तालाची. बोरिवलीच्या नवरात्रीत सहा मात्रांच्या दादऱ्याला आठ मात्रांचा केरवा जोडला, तर बीपीएम जुळूनही पाय चुकतात. बीपीएम म्हणजे नुसता वेग, सम कुठे आहे ते त्यात नसतं.

मग शिकायचं कशावर?

टर्नटेबल विकत घ्यायची गरज नाही. ॲपमध्ये सिंक बंद करा, बीपीएमचा आकडा कागदाने झाका. एका कानात हेडफोन, दुसरा कान स्पीकरकडे. दुसरं गाणं मागे पडतंय की पुढे पळतंय ते ओळखा आणि सरकपट्टी हलवा. रेकॉर्डवर हे आल्याशिवाय मिक्सिंगच जमत नसे. सीडीने आणि ॲपने ते ऐच्छिक केलं, पण गणपतीच्या मंडपात सिंक चुकला तर सावरायला तुमचा कानच लागतो.