दोन चोर, तीन सोबती आणि सांगणारा

अरण्यात दोनच चोर उरले आहेत. बाकीचे सारे, जवळपास हजार माणसे, एकाच धनापायी एकमेकांना मारून संपली. उरलेल्या दोघांनी ते धन गावाजवळ दडवले. एक तलवार घेऊन राखणीला बसला, दुसरा भात आणायला गावात गेला. राखणीवरच्याने ठरवले, तो आला की कापायचा. भात आणणाऱ्याने आपल्यापुरता खाऊन घेतला आणि उरलेल्यात विष कालवले. पालीतल्या वेदब्भ जातकाची ही अखेर. जातकसंग्रहातल्या ५४७ कथांपैकी ही अठ्ठेचाळिसावी.

आता चौदाव्या शतकातले इंग्लंड. १३४८ साली आलेल्या महामारीची धास्ती अजून मनातून गेलेली नाही. जेफ्री चॉसर (मृत्यू १४००) आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये तीन दारुड्या सोबत्यांची गोष्ट घालतो. मित्राला मृत्यूने नेले म्हणून हे तिघे मृत्यूलाच ठार मारायला निघतात. वाटेत एक म्हातारा त्यांना सांगतो, मृत्यू त्या ओकच्या झाडाखाली भेटेल. झाडाखाली सोन्याच्या नाण्यांचा ढीग असतो. धाकटा अन्न आणि दारू आणायला शहरात जातो आणि दोन बाटल्यांत विष घालतो. मागे राहिलेले दोघे त्याला भोसकतात आणि मग ती दारू पितात. भाताच्या जागी दारू आली, चोरांच्या जागी सोबती आले, पण लोभाचा हिशेब तोच राहिला. हे साम्य सी. एच. टॉनी यांनी १८८३ साली मांडले. मधल्या काळात ही गोष्ट फारसीत अत्तारने सांगितली होती आणि इटलीच्या ‘नोव्हेल्लिनो’ या कथासंग्रहातही ती आली होती.

मीरा-भाईंदरच्या वाचकाला हा विषय परका वाटायचे कारण नाही. काशिमिऱ्याच्या मागे जे जंगल सुरू होते, त्याच राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. खाडीपलीकडे सोपारा आहे. तिथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली, म्हणजे टॉनींच्या लेखाच्या आदल्याच वर्षी, उकरला. कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा, कल्याण, चौल इथल्या व्यापाऱ्यांची दाने नोंदलेली आहेत. काही दाने ‘अक्षयनीवी’ची आहेत: रक्कम कायमची ठेवायची आणि तिच्या व्याजातून भिक्खूंना चीवरे द्यायची. म्हणजे धन कसे मिळवावे, कुणाला द्यावे आणि त्याची हाव माणसाचे काय करते, हे प्रश्न या डोंगरात व्यापारी आणि भिक्खू दोघांच्याही रोजच्या व्यवहारातले होते. जातकांतले व्यापारी, तांडे आणि वाटमारे याच जगातले आहेत. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने जातके मराठीत आणली, हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे. या विषयात येणाऱ्याने त्या खंडांपासून सुरुवात करावी असे मला मनापासून वाटते.

मात्र कथांमधली साम्ये मोजत बसणे हा या अभ्यासाचा पहिला टप्पा झाला. खरी गंमत पुढच्या प्रश्नापासून सुरू होते: गोष्ट कोण सांगतो, कुणाला सांगतो आणि तिचा बोध कुणाच्या पदरी बांधतो?

जातकात हे काम स्वतः बुद्ध करतात. एक भिक्खू कुणाचे ऐकत नाही, म्हणून वेदब्भ जातक सांगितले जाते. त्यातला ब्राह्मण मंत्राने आकाशातून रत्ने पाडू शकतो. मंत्र वापरू नका, असे शिष्याने बजावलेले असतानाही तो वापरतो आणि स्वतःसह सगळ्यांच्या मरणाला कारण होतो. कथा संपली की बुद्ध सांगतात, तेव्हाचा तो ब्राह्मण म्हणजे आजचा तू, आणि तो शिष्य मी. ऐकणाऱ्याला निसटायला वाट उरत नाही.

आपल्या महानुभावांनी हीच शिस्त वेगळ्या रीतीने पाळली. तेराव्या शतकाच्या अखेरीस केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे दृष्टांत ‘दृष्टांतपाठा’त एकत्र केले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, अशी त्याची मांडणी आहे. दार्ष्टांतिकात दृष्टांताचा धागा जीवनाशी जोडून दिलेला असतो. हत्तीचा एकेक अवयव चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट त्यात आहे, तशीच ती बौद्ध वाङ्मयातही आहे. मराठी गद्य इतके कोवळे असताना त्याने बोधाची अशी नेमकी बांधणी साधली, याचा मला अभिमान वाटतो.

चॉसर हे दार्ष्टांतिक रिकामे ठेवतो. त्याची कथा सांगणारा पार्डनर चर्चच्या नावाने पापक्षमेची पत्रे विकतो. डुकराची हाडे संतांचे अवशेष म्हणून दाखवतो, उशीचा अभ्रा पवित्र मरियेचे वस्त्र म्हणून पुढे करतो आणि वर्षाला शंभर मार्क कमावतो. हे सारे तो कँटरबरीच्या यात्रेतल्या सहयात्रेकरूंना आपल्या तोंडाने सांगतो. प्रवचनाचा विषय मात्र कायम एकच: लोभ हे सर्व अनर्थांचे मूळ. नंतर तो तीन सोबत्यांची ती अप्रतिम गोष्ट सांगतो आणि ती संपताच, जणू आधी काही बोललोच नाही अशा थाटात, त्याच लोकांपुढे तेच अवशेष ठेवून पैसे मागतो. सरायवाला हॅरी बेली त्याला असे झोडपतो की तो अवाक होतो. शेवटी यात्रेकरूंमधला सरदार दोघांचा समेट करून देतो.

ढोंगी उपदेशकासाठी मराठीत म्हणींना तोटा नाही, पण इथे म्हण पुरत नाही. पार्डनरला स्वतःचे ढोंग पुरते ठाऊक आहे. ते ठाऊक असूनही, किंवा कदाचित ठाऊक असल्यामुळेच, लोभावरची गोष्ट तो इतकी नेमकी सांगू शकतो. सांगणारा भ्रष्ट म्हणून कथा खोटी पडत नाही. कथा खरी म्हणून सांगणारा सुटतही नाही. चॉसर हा ताण सैल करत नाही, आणि त्याचा उपरोध मला इथेच सर्वांत मोठा वाटतो.

मराठीत याच्या जवळ जाणारे रूप शोधायचे तर एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांकडे वळावे. तिथे कवी जोशी, भुत्या, गोंधळी अशी सोंगे घेतो आणि त्या सोंगाच्या तोंडूनच बोलतो. ऐकणाऱ्याला मात्र शेवटी अध्यात्माचा अर्थ हाती लागतो. चॉसरच्या श्रोत्याला तो आपला आपण शोधावा लागतो. वारी आणि कँटरबरीची यात्रा यांची तुलना सहज सुचते. पण कँटरबरीला निघालेल्यांची पैज सर्वांत चांगल्या गोष्टीबद्दल फुकट मिळणाऱ्या जेवणाची आहे, हे विसरू नये.

चॉसरची ‘फ्रायर्स टेल’ही सोबत वाचावी. त्यात गाडीवान रागाने घोड्यांना सैतानाच्या हवाली करतो, पण ते त्याच्या मनातले नाही म्हणून सैतान घोडे नेत नाही. एका म्हाताऱ्या विधवेला लुबाडणाऱ्या चर्चच्या अधिकाऱ्याला मात्र ती मनापासून शाप देते, आणि सैतान त्याला नेतो. शब्द आणि हेतू यांतले अंतर दाखवण्यात ती गोष्ट पार्डनरच्या गोष्टीची सख्खी बहीण शोभते.

नव्या अभ्यासकाने मात्र त्या ओकच्या झाडाची वाट दाखवणाऱ्या म्हाताऱ्यापाशी थांबावे. वेदब्भ जातकात तो नाही. त्याला मरायचे आहे, पण मरण येत नाही. तो स्वतः मृत्यू आहे, वार्धक्य आहे की नुसता एक थकलेला माणूस, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. झाडाखालचे सोने त्याने पाहिले होते का? पाहिले असेल, तर ते उचलावेसे त्याला का वाटले नाही?