हेडलाइटवरचा काळा ठिपका आठवतो का?

पूर्वी गाड्यांच्या हेडलाइटवर काळा ठिपका रंगवलेला असायचा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही तेच आहे: ८ मीटरवरच्या, दीड मीटर उंचीच्या डोळ्यांवर झोत नको. मग निळा एलईडी आला, त्यातून पांढरा उजेड मिळाला, २०१४ चं नोबेलही मिळालं. ठिपका मात्र गेला.

पहाटे गोकुळपेठ बाजारात भाजी आणणाऱ्या पिकअपवाल्याला गावच्या अंधाऱ्या रस्त्यावर उजेड हवाच. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबला की झोत विखुरतो, अन् धरमपेठेत समोरच्या स्कूटरवाल्याला खड्डाही दिसत नाही. भाऊ, बल्ब बदलण्याआधी त्याचा विचार करा. तो कदाचित तुमचंच गिऱ्हाईक असेल.