तबकडीचा ठावठिकाणा

सप्टेंबर १९५६ मध्ये आयबीएमने सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिद्ध झालेले ‘३५०’ हे तबकडी-संग्रहयंत्र जगापुढे मांडले, तेव्हा बिघडलेली डिस्क नेमकी कोणती, असा प्रश्न कोणाला पडण्याचे कारणच नव्हते. कारण २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर ओवलेले आणि सुमारे ५० लाख अक्षरे पोटात वागविणारे ते धूड आपल्या जागी एकटेच उभे असे. पुढे यंत्रे लहान झाली, त्यांची संख्या वाढली, आणि संगणक ज्या नावाने डिस्कला हाक मारतो ते नाव व ती डिस्क जेथे बसलेली आहे ती जागा यांत अंतर पडत गेले. ते अंतर सांधण्याचे काम एका इवल्याशा दिव्यावर येऊन पडले. त्या दिव्याची कैफियत मला मोठमोठ्या यंत्रांच्या चरित्राइतकीच मोलाची वाटते.

सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘आरएल-०२’ हा ड्राइव्ह बाजारात आणला, त्यात ही सांधणी फार देखण्या रीतीने झालेली दिसते. त्याच्या दर्शनी पट्टीवरील ‘रेडी’ या दिव्याचे झाकण काढघाल करता येण्याजोगे असून त्यावर ० ते ३ यांपैकी एक अंक ठळकपणे छापलेला असे. ते झाकण खाचेत बसविले की त्याच्या घडणीप्रमाणे आतल्या कळा दाबल्या जात आणि संगणक त्या ड्राइव्हला त्याच अंकाने ओळखू लागे. नाव, जागा आणि दिवा या तिन्ही गोष्टी बोटभर झाकणात एकवटलेल्या असल्यामुळे, पडद्यावर ‘२’ या ड्राइव्हची तक्रार उमटताच ऑपरेटरने मान वर करून ‘२’ पाहावा, एवढेच त्याला करावे लागे. याहून निर्मळ व्यवस्था पुढे झाल्याचे मला माहीत नाही.

ती मोडली ती एका अत्यंत फलदायी कल्पनेमुळे. १९८८ साली बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एका निबंधात अशी तजवीज सुचविली की, एका अवाढव्य व महागड्या डिस्कऐवजी स्वस्त, लहान डिस्कांचा ताफा बाळगावा, आणि ताफा वाढला म्हणजे त्यातील कोणी ना कोणी निकामी होणारच हे गृहीत धरून, गेलेल्या डिस्कवरील मजकूर उरलेल्यांच्या आधारे पुन्हा उभा करता येईल इतकी जादा माहिती आधीच साठवून ठेवावी. ‘रेड’ या नावाने रूढ झालेल्या या पद्धतीत यंत्राच्या मरणाची धास्ती पुष्कळ ओसरली, पण माणसाच्या हातचुकीची वाढली. एक डिस्क बंद पडलेली असताना तिच्याऐवजी शेजारची धडधाकट डिस्क ओढली गेली, तर दोन एकदम गैरहजर होतात आणि एकीचाच तोटा सोसू शकणारी रचना तेथल्या तेथे कोलमडते. त्यात लिनक्ससारखी प्रणाली ‘एसडीए’, ‘एसडीबी’ ही नावे डिस्का सापडतील त्या क्रमाने वाटते. यंत्र पुन्हा चालू केल्यावर तोच क्रम राहील याची हमी नसते. अशा वेळी अ‍ॅडमिन मंडळी एक गावठी तोड काढीत: हव्या त्या डिस्कवरून एकसारखे वाचन चालू ठेवायचे आणि कोणता दिवा अखंड लुकलुकतो हे पाहायचे, डिस्क अगदीच निपचित असेल तर बाकीच्या सर्वांना कामाला जुंपून अंधारात राहिलेली हुडकायची.

डिस्कच्या कामकाजावर पेटणारा दिवा तिच्याबरोबरच मुका होतो, म्हणून ओळख पटविणारा दिवा डिस्कच्या आश्रित न ठेवता ती ज्या खणात बसते त्या खणाच्या मालकीचा असावा, हा विचार नव्वदीच्या दशकात मुक्रर झाला. कॉनर पेरिफेरल्स व इंटेल यांनी ‘सॅफ्टी’ हा संकेत आणला, आणि त्या पाठोपाठ स्कझी-मानके ठरविणाऱ्या समितीने ‘एसईएस’ ही नियमावली केली, जिच्यात पेटीतील प्रत्येक खणाला उद्देशून स्वतंत्र हुकूम सोडता येतात: ओळख दाखव, बिघाड दाखव, आणि ‘ही काढू नये’ अशी ताकीद देणाराही एक. पुढे ‘एसजीपीआयओ’ने चार तारांवरून दर डिस्कमागे तीन बिट धाडण्याची सोय केली, आणि दिवा कसा मिचकावा याचेही मानक ठरले, त्यानुसार ठिकाण दाखविताना सेकंदाला चार वेळा आणि पुनर्बांधणी चालू असता एकदा.

मानके होऊनही घोटाळा संपला नाही, हे सन मायक्रोसिस्टिम्सच्या २००६ सालच्या ‘एक्स-४५००’ या सर्व्हरवरून समजते. अवघ्या सात इंच उंचीच्या पेटीत ४८ डिस्का उभ्या खोवलेल्या. त्यांपैकी एक बदलायची तर सर्व्हर रॅकमधून पुढे ओढून वरचे झाकण उघडावे लागे. सहा कंट्रोलर, प्रत्येकाला आठ डिस्का, आणि सोलॅरिस प्रणालीतील नावे या कंट्रोलरांच्या अंकांवरून पडलेली, त्यामुळे प्रणाली ज्या दोन डिस्कांवरून सुरू होई त्या ० व १ या शेजारशेजारच्या खणांत असूनही त्यांची नावे मात्र ‘सी-५ टी-०’ आणि ‘सी-५ टी-४’. म्हणूनच ‘एचडी’ नावाची एक उपयुक्तता दिली गेली, जी पडद्यावर खणांचा नकाशा काढून कोणत्या खणात कोणते नाव नांदते ते दाखवी. जाणता अ‍ॅडमिन आधी तो नकाशा पाही, मग डिस्क प्रणालीतून रीतसर मोकळी करी. तसे झाले की तिच्यापाशी निळा दिवा लागे. निळा दिवा म्हणजे काढण्याची परवानगी. तरीही, ओढण्यापूर्वी कागदावरचा अनुक्रमांक आणि डिस्कच्या चिठ्ठीवरचा अनुक्रमांक ताडून पाहणाऱ्याला मी अधिक विश्वासू कारभारी मानतो, कारण दिव्याची तार चुकीच्या खणाकडे गेलेली असू शकते, चिठ्ठी मात्र डिस्कलाच चिकटलेली असते.

एनव्हीएमई डिस्का थेट पीसीआय एक्स्प्रेसला जोडल्या जाऊ लागल्यावर, ज्या कंट्रोलरमार्फत दिव्यांना हुकूम जात असे तो मधला कामगारच कित्येक यंत्रांतून गेला, आणि जुना प्रश्न पुन्हा दारात उभा राहिला. त्यावर पीसीआय एक्स्प्रेसच्या नियमावलीतच ‘एनपीईएम’ ही तरतूद घालण्यात आली. तिच्या योगे, डिस्क ज्या पोर्टाला जोडलेली असते त्या पोर्टालाच दिवा लावण्याचा अधिकार देता येतो, डिस्क जिवंत असो वा नसो.