रशीद मेखलूफी : मैदान आणि मातृभूमी

खेळाडूची थोरवी आपण बहुधा त्याच्या गोलांवरून मोजतो. परंतु काही खेळाडूंची थोरवी त्यांनी न खेळलेल्या सामन्यांतही असते. अल्जीरियाचे रशीद मेखलूफी हे अशांपैकी एक होत.

त्यांचा जन्म 1936 साली सेतीफ या शहरी झाला. अल्जीरियावर तेव्हा फ्रान्सची सत्ता होती. 8 मे 1945 रोजी याच शहरात स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि पुढे त्या भागात हजारो माणसे मारली गेली. रशीद तेव्हा आठ वर्षांचे होते.

1954 मध्ये ते फ्रान्सच्या सेंट एतिएन संघात व्यावसायिक खेळाडू म्हणून दाखल झाले. 1957 साली या संघाने प्रथमच फ्रेंच अजिंक्यपद मिळवले, त्यात आघाडीच्या या तरुणाचा वाटा मोठा होता. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघातूनही ते खेळले. 1958 च्या विश्वचषकासाठी निघालेल्या प्राथमिक यादीत त्यांचे नाव होते.

पण त्याच वर्षी एप्रिल महिन्यात मेखलूफी व आणखी काही अल्जीरियन खेळाडू गुपचूप फ्रान्स सोडून स्वित्झर्लंड व इटलीमार्गे ट्युनिसला पोहोचले. तेथे स्वातंत्र्यलढ्याचा फुटबॉल संघ उभा राहिला. मेखलूफी त्या वेळी फ्रेंच लष्करी सेवेत होते, त्यामुळे ते फरारी सैनिक ठरले. 'फिफा'ने या संघाला मान्यता दिली नाही. तरीही उत्तर आफ्रिका, पूर्व युरोप, चीन व व्हिएतनाम येथपर्यंत जाऊन या खेळाडूंनी आपल्या देशाचे नाव लोकांच्या कानी घातले. विश्वचषकात फ्रान्स तिसरा आला. मेखलूफी तेथे नव्हते. खेळाडूच्या उमेदीची चार वर्षे अशी गेली.

1962 मध्ये अल्जीरिया स्वतंत्र झाला. त्याच वर्षी ते सेंट एतिएनला परतले. प्रेक्षक हुर्यो उडवतील अशी धास्ती होती. प्रत्यक्षात त्यांच्या खेळाला टाळ्या मिळाल्या. तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरलेला हा संघ 1963 मध्ये वर आला आणि 1964, 1967 व 1968 मध्ये फ्रान्सचा विजेता ठरला. 1968 च्या फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात बोर्दोवर 2-1 असा विजय मिळाला. दोन्ही गोल मेखलूफींचे होते!

खेळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपले ज्ञान मायदेशाला दिले. 1982 च्या विश्वचषकात अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला 2-1 असे हरवले, तेव्हा ते त्या संघाच्या मार्गदर्शकांपैकी एक होते. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांचे निधन झाले.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मेखलूफींनी चार वर्षे मानमरातब सोडला, पण सराव सोडला नाही. म्हणूनच परतल्यावर त्यांना दयेची गरज पडली नाही. आपल्या मुलांनी त्यागाचे धडे जरूर गिरवावेत. परंतु हातातील हुन्नर मात्र गंजू देऊ नये.