सरस, पावसाळा आणि वाकवलेलं लाकूड

देवराज मोहल्ल्यात सुताराला आचारी म्हणतात. पुण्या-सांगलीकडून आलेल्या पाहुण्यांना हे उमगायला एक दिवस जातो. ‘आचारी आलेत’ म्हटलं की ते आधी स्वयंपाकघराकडे बघतात. शब्द अगदीच चुकीचा नाही म्हणा. फेव्हिकॉल येण्याआधी सुताराचा दिवस शिजवण्यापासूनच सुरू व्हायचा. कातडी-हाडांपासून केलेला सरस रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी एका भांड्यात पाणी ठेवून त्यात दुसरं भांडं बसवायचं आणि मंद आचेवर तो पातळ करायचा. उकळू द्यायचा नाही; उकळला की त्याची पकड जाते. गरम आहे तोवर लावायचा, थंड व्हायच्या आत दाबायचा. हातात असतात मिनिट-दोन मिनिटं.

या मिनिट-दोन मिनिटांमुळे आणि आपल्या पावसाळ्यामुळे लाकडाच्या एका कामाचा इतिहास आपल्याकडे वेगळा झाला, असं मला वाटतं. ते काम म्हणजे पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, साच्यावर वाकवून मोठी वक्र वस्तू करणं. कमान, नावेची फासळी, खुर्चीची पाठ, विमानाचं अंग. पट्ट्या सरळ असतात, साचा वाकडा असतो, आणि गोंद सुकल्यावर त्या पट्ट्यांना सरळ होण्याची वाट उरत नाही.

आपण मराठी माणसं ‘मोडेन पण वाकणार नाही’ हे कौतुकाने म्हणतो. सुक्या सागवानाचाही बाणा तोच असतो, आणि सुताराला त्याचं कौतुक नसतं. जाड लाकूड वाकवलं की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते. सुकं लाकूड साधारण एक टक्क्याच्या आसपास ताण सोसतं, पुढे त्याचे तंतू फाटतात. ४८ मिलिमीटर जाडीचा वासा ७५० मिलिमीटर त्रिज्येत वाकवायचा तर बाहेरच्या बाजूला तीन टक्क्यांहून जास्त ताण पडतो, तो मोडणारच. तोच वासा तीन-तीन मिलिमीटरच्या सोळा पट्ट्यांत चिरला, तर प्रत्येक पट्टीवरचा ताण ०.२ टक्के होतो. ती पट्टी हातानेसुद्धा वाकते. म्हणजे लाकूड तेच, झाड तेच. फरक फक्त पट्ट्या एकमेकींवरून सरकू शकतात एवढाच. सगळी जबाबदारी मग गोंदावर येते, कारण साच्यातून काढल्यावर हे सरकणं त्यानेच थांबवायचं असतं.

जुन्या सुतारांना ही युक्ती सुचली नसेल असं मानायचं कारण नाही. त्यांच्याकडे भरवशाचा गोंद नव्हता, म्हणून त्यांनी वाकवणं टाळलं. बैलगाडीच्या चाकाचा घेर तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकडा बाभळीतून वक्र कापलेला, आणि सगळ्यांना बाहेरून लोखंडी धाव आवळून धरते. ती धाव तापवून चढवतात आणि पाणी ओतून थंड करतात. गोंदाचं काम आकसणारं लोखंड करतं. कोकणात नाव बांधणारे फासळ्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली फांदी शोधत. वीणेचा भोपळ्यासारखा घुमट फणसाचा ओंडका कोरून, पोखरून काढतात. या सगळ्यांत वक्रता लाकडातून काढलेली आहे, लाकडाला दिलेली नाही.

आणि गंमत अशी, की पातळ लाकूड आणि चिकटवणं या दोन्ही गोष्टी म्हैसूरच्या हाताला अनोळखी नव्हत्या. इथलं शिसवीवरचं जडावाचं काम प्रसिद्ध आहे, २००५ मध्ये त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. शिसवीच्या फळीत खाचा करून त्यात वेगवेगळ्या रंगांच्या लाकडाचे, पूर्वी हस्तिदंताचेही, पातळ तुकडे बसवायचे, घासून एका पातळीत आणायचे. त्यात पातळ काप आहेत, गोंद आहे, विलक्षण सबुरी आहे. फक्त सगळं सपाट आहे. सपाट जडावात तुकड्याला उठून जायची ओढ नसते, म्हणून सरस पुरतो. वाकवलेली पट्टी मात्र आयुष्यभर सरळ व्हायला बघत असते.

१८९७ मध्ये राजकन्येच्या लग्नसोहळ्यात म्हैसूरचा जुना लाकडी राजवाडा जळाला. राजघराणं जवळच्या जगनमोहन राजवाड्यात राहायला गेलं. चौथ्या कृष्णराज वडेयरांना १९०२ मध्ये राज्याधिकार मिळाले तो दरबारही तिथेच भरला. हेन्री आयर्विन यांनी बांधलेला नवा राजवाडा १९१२ मध्ये पूर्ण झाला. त्याच्या कल्याणमंटपात उभं राहिलं की मला नेहमी एकच गोष्ट दिसते: वरचे सगळे मोठे वळसे लोखंडाचे आहेत, ग्लासगोहून ओतून आणलेले. लाकूड दारांवर आलं, कोरीव कामावर आलं, छतांच्या पटलांवर आलं. पण मोठी कमान पेलण्याचं काम त्याच्याकडून काढून घेतलं गेलं. आग हे कारण उघड आहे. पण आग लागली नसती तरी त्या काळात एवढा वळसा लाकडात कोणत्या गोंदाने धरला असता, हा प्रश्न उरतोच.

देवराज मार्केटच्या बाजूने जाणारा मोठा रस्ता बडोद्याच्या सयाजीरावांच्या नावाचा आहे. मराठी माणसाला तिथे उगाच घरच्यासारखं वाटतं. त्याच रस्त्यावर चामराजेंद्र टेक्निकल इन्स्टिट्यूटची इमारत आहे; तिची कोनशिला १९०६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जच्या, हस्ते बसली. आज लोक तिथे चंदनाचे हत्ती आणि अगरबत्त्या घ्यायला जातात. सुतारकाम, जडाव, कोरीवकाम शिकवणारी ही शाळा, आणि सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यात निघालेलं कलाभवन. रस्त्याचं नाव आणि त्यावरची इमारत यांची ही गाठ जुळवून आणलेली नसावी, पण शोभते. अशा शाळांनी हाताला रेखाचित्राची शिस्त लावली. गोंद बदलणं त्यांच्या हातात नव्हतं.

युरोपातही हा प्रश्न लवकर सुटला नव्हता. फ्रान्समध्ये फिलिबेर द लॉर्मने १५६१ मध्ये छापलेल्या पुस्तकात आखूड फळ्या जोडून मोठ्या कमानी उभ्या करण्याची रीत दिली. ती आपल्या गाडीच्या चाकाच्या जवळची, तुकड्यांची. कर्नल एमीने १८२५ मध्ये बायोनजवळ लांब फळ्या खरोखर वाकवून कमानी केल्या, पण त्या धरल्या बोल्ट आणि लोखंडी पट्ट्यांनी. त्याचाही गोंदावर विश्वास नव्हता. ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावातल्या मिखाएल थोनेटने १८३० च्या दशकात पातळ पट्ट्यांच्या जुड्या सरसात उकळून, गरम असतानाच साच्यात वाकवायला सुरुवात केली. मिनिट-दोन मिनिटांच्या अडचणीवर हा फार हुशार तोडगा होता. पुढे तो व्हिएन्नाला गेला, त्याच्या खुर्च्या नावाजल्या, बोटींतून समुद्रापार जाऊ लागल्या. आणि उष्ण, दमट हवेत त्यांच्या जुड्या उकलू लागल्या.

तेव्हा थोनेटने सरस सोडून वाफ धरली. बीच लाकडाची सबंध काठी वाफेने मऊ करायची, बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी बांधायची म्हणजे ती बाजू ताणली जात नाही, आणि मग वाकवायची. १८५६ चं पेटंट आणि १८५९ ची चौदा नंबरची खुर्ची त्यातून आली: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत ज्या गोल पाठीच्या काळपट खुर्च्यांवर बसून आपण बनमस्का खाल्ला, त्या याच कुळातल्या. त्या खुर्चीत चिकटवलेल्या पट्ट्या का नाहीत, याचं उत्तर काही अंशी आपल्यासारख्या हवेत आहे. फर्निचरच्या इतिहासात मुंबईचा घाम कुठे नोंदवलेला नसतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

गोंद आणि पाऊस यांची खरी झुंज मात्र दुसऱ्या महायुद्धात झाली, आणि तीही आमच्या शेजारी. डी हॅव्हिलँड कंपनीचं मॉस्किटो विमान लाकडाचं होतं. त्याचं अंग शेंगेसारखं दोन अर्ध्या भागांत, साच्यावर बर्चचे पातळ थर आणि मध्ये हलकं बाल्सा असं घडवत आणि मग दोन्ही अर्धी जोडत. इंग्लंडातले फर्निचरवाले या कामाला जुंपले गेले. सुरुवातीच्या विमानांत केसीनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा गोंद होता. बंगळूरजवळ येलहंक्याला या विमानांचं प्रशिक्षण पथक होतं. १९४४ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात भारतातल्या काही मॉस्किटोंचे सांधे उडताना सुटले, माणसं गेली, आणि इथली सगळी मॉस्किटो तपासणीसाठी जमिनीवर आणली गेली. पहिला संशय अर्थात पावसावर. नंतरच्या चौकशीत मात्र ठरलं, की मुख्य दोष कारखान्यातल्या ढिल्या जुळणीचा आहे. दोन पृष्ठभाग नीट भिडलेच नव्हते. हे मला कोणत्याही सुतारकामाच्या पुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातं. हवेला दोष देणं सोपं असतं, आणि हवा फटीतूनच शिरते.

याच सुमारास, २३ डिसेंबर १९४० ला, वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत बंगळुरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली होती. कोल्हापूर जिल्ह्यातले विष्णू माधव घाटगे गटिंगेनला प्रांटल यांच्याकडे शिकून आलेले. त्यांनी तिथे दहा जणांना नेणारं ग्लायडर आखलं. पण १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ आकाशात गेलं तेव्हा ते धातूचं होतं. विमानातलं लाकूड तोवर मागे पडलं होतं. युद्धातून जो टिकला तो गोंद: युरिया, फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांची रेझिनं, जी पाण्यात परत विरघळत नाहीत. १९६२ मध्ये बंगळुरात प्लायवुडची संशोधन संस्था निघाली. काजूच्या टरफलातलं तेल फिनॉलच्या नात्यातलं, म्हणून त्यापासून रेझिन करण्यावरही तिथे काम झालं. कोकणातली टरफलं अशी सुताराच्या कामी आली.

मागच्या वर्षी आमच्या वर्कशॉपकडे मोहल्ल्यातल्या एका जुन्या घराच्या आतल्या दारावरची अर्धवर्तुळाकार कमान करायचं काम आलं. वर दिलेले आकडे तिचेच. आमचे आचारी सत्तरीचे, बाप-आज्यापासून याच कामातले. त्यांचं म्हणणं, पाच तुकडे कापू, साळ घालून जोडू. माझं म्हणणं पट्ट्यांचं. तुकड्यांच्या कमानीत रेषा प्रत्येक सांध्याशी तुटते आणि आडव्या रेषांवर लाकूड कच्चं राहतं. पट्ट्यांत रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाहत जाते. त्यांनी ते मान्य केलं. मग करवतीखालचा भुसा हातात घेऊन म्हणाले, “स्वामी, निम्मं झाड इथे आहे.” तेही खरं होतं. तीन मिलिमीटरची पट्टी काढायला पातं आणि रंधा मिळून जवळजवळ तेवढंच लाकूड खातात.

फेव्हिकॉल वापरला नाही. तो सुकल्यावरही सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतो. सपाट कामात कळत नाही, कमान मात्र काही महिन्यांत उघडू लागते. इपॉक्सी घेतलं. सागवान तेलकट, म्हणून लावायच्या आधी प्रत्येक पट्टी थिनरने पुसली. साच्यावर प्लास्टिक, त्यावर सोळा पट्ट्या, मधून दोन्ही टोकांकडे आवळत नेलेले बावीस क्लॅम्प. अर्ध्या तासात सगळं. चोवीस तासांनी काढली तेव्हा टोकं दोन मिलिमीटरही फाकली नव्हती. जून ते सप्टेंबर ती तशीच राहिली.

आचाऱ्यांनी तिला नावं ठेवली नाहीत. त्यांनी एकच विचारलं, हे पुढे कधी उघडायचं झालं तर कसं उघडायचं? सरसाचा सांधा वाफेने सुटतो. म्हणूनच दीडशे वर्षांची वीणा दुरुस्त होते, म्हणूनच जुनं जडाव काढून पुन्हा बसवता येतं, आणि जाणते दुरुस्ती करणारे अशा कामाला आजही सरसच शिजवतात. पावसात हरणारा गोंद पुढच्या कारागिराला वाट ठेवतो. माझी कमान पावसात टिकेल, पण तिची एक पट्टी सडली तर ती सोडवता येणार नाही. अख्खी कापावी लागेल. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कमान बसवण्याआधी तिच्या भिंतीकडच्या अंगावर मी पेन्सिलीने गोंदाचं नाव, पट्ट्यांची जाडी, त्रिज्या आणि तारीख लिहिली. आचाऱ्यांनी पेन्सिल मागून घेतली आणि खाली कन्नडमध्ये लिहिलं: पाच तुकडे, साळीचा जोड, आणि तुकड्याची मापं.