पानपतवाले थोरले

“किस की तिथि है, जजमान?” पंडितजींनी विचारलं आणि मी अडखळलो. तिथी ठाऊक नव्हती म्हणून तर चतुर्दशीला आलो होतो.

पितृपक्षात ज्याला त्याला आपापल्या मृत्यूची तिथी मिळते. चतुर्दशी मात्र राखीव. आपल्या पंचांगात त्या दिवसापुढे बारीक अक्षरांत ‘शस्त्रादिहत पितृश्राद्ध’ छापलेलं असतं. शस्त्रानं, अपघातानं, अवेळी गेलेल्या सगळ्यांचा हा दिवस. आजी तिला घातचतुर्दशी म्हणायची. ज्यानं कुणी ही सोय केली त्याला लढाया ठाऊक असाव्यात. रणात पडलेल्या माणसाची तिथी घरी कळवायला कोण बसलेलं असतं?

उज्जैनचा राम घाट त्या सकाळी माणसांनी भरून गेला होता. रामानं दशरथाचं श्राद्ध इथे केलं अशी इथली श्रद्धा. पायऱ्यांवर पत्रावळी, दर्भ, काळे तीळ, पिंडांवर टपलेले कावळे आणि मधूनच लाउडस्पीकरवरून हरवलेल्या मुलाचं नाव. घाटावर मराठी कानावर पडत होती, यात नवल काही नाही. अठराव्या शतकात हे शिंद्यांचं गाव. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचं देऊळ पुन्हा उभं केलं. १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला बस्तान हलवलं, तरी इथली मराठी बिऱ्हाडं हलली नाहीत. आमचं त्यांतलंच एक, कार्तिक चौकातलं.

मी आलो होतो तो चुलतभावाच्या तगाद्यामुळे. त्यानं कुलवृत्तांत छापायला काढला होता आणि पहिल्याच पानावर, मूळपुरुषाच्या नावापुढे, त्याला ‘पानिपतच्या रणांगणी धारातीर्थी पतन’ असं लिहायचं होतं. पुरावा म्हणून राम घाटावरच्या वहीतली नोंद हवी होती. “जाच एकदा. तुला काय, रिटायर्ड माणूस,” म्हणाला.

पानिपताबद्दल त्याला शंका नव्हती. मलाही नव्हती. लहानपणापासून आम्ही ऐकलेलं होतं. आजी चुलीपुढे बसून सांगायची, “थोरले पानपतात गेले हो. घोडी परत आली, माणूस नाही आला. घोडीचा तंग ओला होता.” घरात त्यांचं नाव कुणी घेत नसे, ‘पानपतवाले थोरले’ एवढंच. ती घोडी उत्तरेतून दौडत दौडत घरी कशी पोचली, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. आजीनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि विषय संपवला.

आजीला ही गोष्ट कुणी सांगितली? तिच्या आजेसासूबाईंनी. आजी दहा-बारा वर्षांची नवरी होऊन वाड्यात आली तेव्हा त्या म्हाताऱ्या बाई हयात होत्या. सत्तावनची धामधूम झाली तेव्हा आपण नुकत्याच सासरी आलो होतो, असं त्या सांगत. त्यांनी गोष्ट ऐकली ती आपल्या सासऱ्यांकडून, आणि हे सासरे म्हणजे थोरल्यांचा मुलगा. बाप गेला तेव्हा चार-पाच वर्षांचा होता. म्हणजे ती घोडी आणि मी यांच्यामध्ये फक्त तीन तोंडं.

आता हिशेब करा. पानिपत १४ जानेवारी १७६१चं. त्या वेळी पाच वर्षांचं असलेलं पोर सत्तावनच्या सुमारास घरात आलेल्या सुनेला गोष्टी सांगत बसलं, तर ते शंभरीच्या घरात असलं पाहिजे. इतकी साधी वजाबाकी साठ वर्षं आमच्या घरात कुणी केली नाही. मीही नाही, आणि मी आयुष्यभर हिशेबाचीच नोकरी केली.

मला ती वजाबाकी सुचली तीही घाटावर, पंडितजींनी लाल बासनातून वही काढली तेव्हा. लांबट, पोथीसारखी, कडा तेलकट झालेल्या. ते आधी गाव विचारतात, मग जात, मग आजोबांचं नाव, आणि बोट पान शोधत जातं. वडिलांची सही सापडली, आजोबांची सापडली. आजोबांची मोडीत. त्याच्या मागे जायचं म्हणून मी भाद्रपद वद्याच्या नोंदी चाळायला लागलो, तर पंडितजी हसले. “आसोज वदी देखिए.” आपला महिना अमावास्येला संपतो, इकडे पौर्णिमेला. पंधरवडा तोच, नाव वेगळं. बापजाद्यांनी नर्मदा ओलांडली आणि भाद्रपद वद्याचा आश्विन वद्य झाला. वहीत तो आश्विनच लिहिलेला होता.

संवत १८७६, आश्विन वदी १४. म्हणजे इसवी सन १८१९. त्यामागे आमचं काही नाही.

नोंद मोडीत होती. मला मोडी येत नाही. फोटो काढून पुण्यातल्या एका जाणकार मित्राला पाठवला आणि पायरीवर बसून राहिलो. तासाभरानं त्याचा फोन आला. थोरल्यांचं नाव, बापाचं नाव, खानदेशातलं गाव. होळकरांकडे चाकरी. लढाईत कामास आले. त्यांच्या मेहुण्यानं येऊन श्राद्ध केलं, सोबत मुलगा, वय वर्षे सात. लढाई कोणती, ते लिहिलेलं नाही. “लिहायची गरजच नसेल वाटली,” मित्र म्हणाला. “दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिकडे तेव्हा लढाई म्हटली की एकच.”

ती लढाई महिदपूरची. उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेच्याच काठी, २१ डिसेंबर १८१७. तिच्याविषयी मराठी वाचकाला दोन वाक्यांपलीकडे सहसा माहिती नसते, कारण त्याच दोन-तीन महिन्यांत खडकी, सीताबर्डी, कोरेगाव सगळं होऊन गेलं आणि पेशवाईच्या शेवटाच्या धुरळ्यात महिदपूर झाकलं गेलं. यशवंतराव होळकर १८११ मध्ये वारले होते. गादीवर मल्हारराव, वय अकरा. कारभार तुळसाबाईंच्या हाती, आणि फौजेचे पगार थकलेले. इंग्रजांशी बोलणी करायची की लढायचं, यावरून छावणीत दोन तट पडले. लढाईच्या तोंडावर फौजेतल्या सरदारांनीच तुळसाबाईंना कैद केलं, क्षिप्रेच्या काठावर नेऊन त्यांचं डोकं उडवलं आणि धड पात्रात टाकलं. अशा मनःस्थितीतली फौज दुसऱ्या दिवशी उभी राहिली. आणि चांगली लढली, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. हिस्लॉप आणि माल्कम यांच्या पलटणी तोफांच्या तोंडी नदी उतरून आल्या, तोफखान्यावर चालून गेल्या. होळकरांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तिथेच कापले गेले. साठाहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. त्यांचे ठार आणि जखमी मिळून ७७८. हा आकडा शेवटच्या माणसापर्यंत मोजलेला. होळकरांकडचे सुमारे तीन हजार. हा अंदाज, तोही इंग्रजांनीच बांधलेला.

त्या ‘सुमारे’मध्ये थोरले कुठेतरी आहेत.

मग पानिपत आलं कुठून? मला वाटतं, आपल्या भाषेतूनच. मराठीत पानिपत हे गावाचं नाव आहे आणि धुळधाणीचंही. परीक्षेत पोराचं पानिपत होतं, निवडणुकीत पक्षाचं होतं. त्या पाच वर्षांच्या मुलाला मोठी माणसं सांगत असतील, आपलं पानिपत झालं. तो म्हातारा झाल्यावर तेच आपल्या सुनेला म्हणाला असेल, आणि सुनेनं त्याचं गाव केलं. एका विभक्तीचा फरक. ‘पानपत झालं’चं ‘पानपतात गेले’ झालं, आणि माणूस छप्पन्न वर्षं मागे गेला.

दुसरंही एक कारण मला दिसतं, थोडं कुचकट. हे पोर वाढलं मामाकडे, उज्जैनीत, शिंद्यांच्या गावात. आणि १८०१च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांनी इथेच शिंद्यांच्या पलटणींचा चुराडा केला होता. त्याचा सूड म्हणून सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं. शेजारीपाजारी दोन्ही आठवणी ताज्या असणार. बाप होळकरांच्या फौजेत होता हे चारचौघांत सांगण्यापेक्षा पानिपत सांगणं सोयीचं. पानिपताचे मेलेले सगळ्यांचेच.

परत खानदेशात का गेले नाहीत, याचंही उत्तर मिळालं. ६ जानेवारी १८१८ला मंदसोरला तह झाला. होळकरांच्या बाजूनं तात्या जोग बोलणी करत होते. सातपुड्याच्या दक्षिणेचा होळकरांचा सगळा मुलूख कंपनीकडे गेला, त्यात खानदेश गेला. आमचं ‘मूळ गाव’ सोळा दिवसांत परमुलखात जमा झालं.

पुण्याला परतल्यावर मी छापील साधनं उघडली. वा. वा. ठाकुरांनी संपादित केलेली ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ चाळली, पेशवे दप्तरातले गो. स. सरदेसायांनी निवडलेले खंड पाहिले. त्यातून माणूस सापडेल ही आशा भाबडी होती हे लवकरच कळलं. मराठी फौजेच्या कागदांत सरदार दिसतो, पथक दिसतं, रक्कम दिसते. आणि घोडा दिसतो. शिलेदाराचा घोडा त्याच्या मालकीचा. लढाईत पडला तर भरपाईचा प्रश्न, म्हणून त्याचा रंग, खुणा, किंमत टिपून ठेवत. माणसाला खुणा नाहीत. कामास आलेल्याच्या पोराबाळांना ‘बालपरवेशी’ म्हणून नेमणूक देण्याची रीत होती, आणि तशी नेमणूक झाली तर मग नाव कागदावर यायचं. आमच्या पोराला कोण देणार? ज्यानं द्यायची तो धनीच तेव्हा अकरा वर्षांचा, आणि तोही हरलेला. एका दप्तरखान्यात तर मला सांगण्यात आलं की कागदांचा रुमाल हवामानामुळे उघडता येणार नाही, पावसाळ्यानंतर या. पावसाळ्यानंतर गेलो, तेव्हा सांगणारे गृहस्थ निवृत्त झालेले होते.

जिंकलेल्यांचं वेगळं. कंपनी सरकारच्या फौजेतून महिदपूरला लढलेले जे कोणी १८५१ पर्यंत जगले-वाचले, त्यांच्यासाठी तेव्हा पदक निघालं, त्यावर लढाईच्या नावाची पट्टी. चौतीस वर्षांनी का होईना. पण तेवढ्यावरून साहेबाच्या नोंदींचं फार कौतुक करायला नको. शंभर वर्षांनी आपली मराठा पोरं त्याच साहेबासाठी मेसोपोटेमियात गेली. ११०वी, १०३री, ११७वी या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या; २९ एप्रिल १९१६ला कुत पडलं. मेलेल्यांसाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक झालं. त्याच्या भिंतींवर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं आहे. हिंदी शिपायांचा पलटणीगणिक नुसता आकडा. सातारा-रत्नागिरीकडची किती घरं अजून त्या आकड्यात आपला माणूस शोधत असतील.

राम घाटावरच्या वहीचं मला म्हणूनच अप्रूप वाटलं. तिला लढाईशी देणंघेणं नाही. कोण जिंकलं ते तिला लिहायचं नसतं. दक्षिणा देणारा कोण, कुणासाठी आला, एवढंच. तरी शिपायाचं नाव, बापासकट, गावासकट, तिच्यात राहिलं.

चुलतभावाला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पण महिदपूर लिहिलेलं नाही ना? मग तुझंही अनुमानच.” बरोबर होतं. वहीत लढाई होती, होळकर होते, साल होतं, जागा नव्हती. ओल्या तंगावर मी भार देत नाही. घोडी कुठल्याही ओढ्यात पाणी प्यायला उतरते. मग काकूंना, म्हणजे त्याच्याच आईला, फोन केला. नव्वदीला टेकलेल्या आहेत. थोरल्यांचं काही आठवतं का? नाही म्हणाल्या. आजीचं काही, एखादी रीत? त्या सहज बोलल्या, “रीत कसली रे. एक तेवढं होतं, दत्तजयंतीला आपल्याकडे गोड करत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, घराण्याला सोसत नाही. मी अजून पाळते.”

दत्तजयंती, मार्गशीर्ष पौर्णिमा. मी पाळलेलं मलाही आठवलं. गल्लीत सगळीकडे सुंठवडा वाटला जायचा आणि आमच्या घरी पिठलं-भात. पानिपत पडलं पौष शुद्ध अष्टमीला, बुधवारी. महिदपूर मार्गशीर्षाच्या शुद्ध पक्षात, पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर असताना. तेवढ्या दिवसांत घोडी उज्जैनला पोचते. किंवा निरोप तरी पोचतो.

कोर्टात हे टिकणार नाही. मला पुरेसं आहे.

त्या दिवशी तर्पणासाठी पाण्यात उतरलो तेव्हा यातलं बरंचसं मला ठाऊक नव्हतं. ओंजळीतलं पाणी सोडताना पंडितजी म्हणाले, उत्तरेकडे वाहतं. क्षिप्रा उत्तरवाहिनी, इथून महिदपूर, पुढे चंबळ. पाणी मात्र पूर्वीचं नाही. नदी उन्हाळ्यात आटायला लागली तेव्हा नर्मदेचं पाणी पंपांनी चढवून तिच्यात सोडायची योजना झाली, २०१४ पासून ते येतं. थोरले नर्मदा उतरून इकडे आले होते. आता घाटावरच्या ओंजळीत थोडी नर्मदाही असते.

निघताना पंडितजींनी वही पुढे केली. नवी नोंद जजमानानं आपल्या हातानं करायची असते. मी नाव, पत्ता, मुलांची नावं लिहिली. ‘कुणासाठी’ या जागी थोरल्यांचं नाव लिहिलं. त्या वेळी पुढे ‘पानिपत’ लिहायला हात सरसावला होता, पण मित्राचा फोन येऊन गेला होता, म्हणून ‘होळकरांकडे चाकरी’ एवढंच लिहून थांबलो. महिदपूर पुढच्या खेपेला लिहीन.

कुलवृत्तांत गेल्या दिवाळीत छापून आला. पहिल्या पानावर पानिपतच आहे. भावानं शुद्धिपत्र जोडायचं कबूल केलंय, अजून जोडलेलं नाही. दत्तजयंतीला काकूंनी यंदाही पिठलं-भात केला.