आरोग्य केंद्रातील वही ते संगणक : विकसनशील देशांतील आरोग्य माहिती प्रणाली

उपकेंद्रातील नर्सबाईंच्या टेबलावर औषधांइतक्याच वह्या असतात. गरोदर मातांची वही, लसीकरणाची वही, जन्ममृत्यूची, कुटुंबनियोजनाची, क्षयरोग्यांची. महिनाअखेरीस या साऱ्यांची बेरीज होऊन एक तक्ता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जातो. तेथून तो तालुका, जिल्हा आणि राज्य अशा पायऱ्या चढतो. एकदा वर गेलेला तक्ता भरणाऱ्या बाईंकडे सहसा परत येत नसे. आपल्या गावातील किती बाळांचा तिसरा डोस राहिला हे त्यातून त्यांना कधी कळत नसे.

गेल्या तीस वर्षांत अनेक विकसनशील देशांनी या वह्यांच्या जागी संगणकीय माहिती प्रणाली आणल्या. त्या कशा उभ्या राहिल्या, त्यांचा खरा उपयोग कोठे झाला, कोठे अडले आणि आपल्यासारख्या सीमाभागातील कुटुंबांचा त्यांच्याशी काय संबंध येतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

तीन प्रकारच्या प्रणाली

पहिला प्रकार एकत्रित आकड्यांचा. महिन्यात किती बाळंतपणे झाली, किती लसी दिल्या, एवढेच यात असते. कोणाचे नाव नसते. भारतात २००८ साली सुरू झालेले ‘एचएमआयएस’ पोर्टल या प्रकारचे आहे. दुसरा प्रकार व्यक्तिनिहाय नोंदींचा. क्षयरोग्यांसाठी २०१२ मध्ये सुरू झालेली ‘निक्षय’ प्रणाली आणि कोविड लसीकरणातील ‘कोविन’ ही त्याची परिचित उदाहरणे. तिसरा प्रकार साठ्याचा, म्हणजे कोठे किती औषधे व लसी शिल्लक आहेत याचा.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेत

जगात आज सर्वाधिक वापरली जाणारी आरोग्य माहिती प्रणाली म्हणजे ‘डीएचआयएस-२’. तिचे मूळ दक्षिण आफ्रिकेत आहे. १९९४ साली वर्णभेदी राजवट संपली तेव्हा त्या देशात वंश आणि प्रदेश यांनुसार विभागलेली चौदा आरोग्य खाती होती. प्रत्येकाचे तक्ते वेगळे, व्याख्याही वेगळ्या. सगळ्या देशाची मिळून बेरीज करणेच शक्य नव्हते.

त्या वेळी केप टाऊन परिसरातील विद्यापीठे, स्थानिक आरोग्य कर्मचारी आणि नॉर्वेतील ऑस्लो विद्यापीठ यांनी एकत्र येऊन काम सुरू केले. यॉर्न ब्रा हे त्यांतील एक प्रमुख संशोधक. त्यांनी संगणकाआधी तक्त्याला हात घातला. सर्वांनी मिळून भरायची अगदी आवश्यक आकड्यांची एक छोटी यादी ठरवण्यात आली. एखाद्या जिल्ह्याला स्वतःच्या कामासाठी जास्त माहिती हवी असेल तर त्याने ती खुशाल ठेवावी, पण वर पाठवायची ती एवढीच. शिवाय आकड्यांचा वापर आधी जिल्ह्याने स्वतः करायचा, मग ते राजधानीला पाठवायचे, हे तत्त्व ठरले.

पुढे या प्रणालीची इंटरनेटवर चालणारी आवृत्ती तयार झाली आणि २००६ मध्ये तिचा पहिला वापर आपल्याच देशात, केरळात झाला. ती मोफत आहे आणि तिचा आराखडा खुला असल्याने कोणताही देश तो आपल्या गरजेप्रमाणे बदलू शकतो. केनियाने २०११ मध्ये ती देशभर ऑनलाइन नेली. २००९ मध्ये समुद्राखालून इंटरनेटच्या केबल पूर्व आफ्रिकेत पोहोचल्या होत्या व मोबाइलचे जाळे पसरले होते. त्यामुळे प्रत्येक जिल्ह्यात वेगळी यंत्रणा बसवण्याऐवजी एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर काम भागले.

२०२० च्या जानेवारीत श्रीलंकेने विमानतळावर उतरणाऱ्या प्रवाशांची कोविडसाठी नोंद ठेवण्याकरिता हीच प्रणाली थोड्याच दिवसांत बदलून घेतली. पुढे नॉर्वेतील अनेक नगरपालिकांनीही संपर्क शोधण्यासाठी तिचा वापर केला. गरीब देशांसाठी वाढलेले साधन अशा रीतीने श्रीमंत देशाच्या उपयोगी पडले.

आकडा कामाला कसा येतो

एक उदाहरण पाहू. आपल्याकडे पेंटाव्हॅलंट लस बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात देतात. समजा, एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षभरात १२० बाळांना पहिला डोस मिळाला आणि तिसरा ९० बाळांनाच. म्हणजे ३० बाळे, अर्थात २५ टक्के, मध्येच गळाली.

‘७५ टक्के बाळांचे तीन डोस पूर्ण’ एवढाच आकडा जिल्ह्याला गेला तर त्यावर काही करता येत नाही. तोच आकडा उपकेंद्रनिहाय पडद्यावर दिसला आणि ३० पैकी २० बाळे एकाच उपकेंद्रातील निघाली, तर पुढचा प्रश्न विचारता येतो. तेथे लसीकरणाचा वार आणि आठवडी बाजाराचा वार एकच तर नाही? वस्तीवरून येणारी एसटी बंद तर नाही झाली? याचे उत्तर संगणकाजवळ नसते, आशाताईंजवळ असते. संगणकाचे काम एवढेच की प्रश्न वेळेवर आणि योग्य माणसापुढे ठेवायचा.

साठ्याच्या बाबतीतही तसेच. भारतात २०१५ पासून सुरू झालेल्या ‘ईविन’ प्रणालीत लस ठेवण्याच्या केंद्रांतील साठ्याची नोंद मोबाइलवरून होते. लसीच्या फ्रीजमध्ये तापमापक बसवलेले असतात. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात आणि पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तरी निकामी होते. तापमान मर्यादेबाहेर गेले की संबंधित कर्मचाऱ्याला लगेच संदेश जातो. पूर्वी हे तापमान दिवसातून दोनदा वहीत लिहीत आणि रात्री वीज गेली तर सकाळपर्यंत पत्ता लागत नसे. इंडोनेशियाने हीच कल्पना आपल्या देशात वापरली आहे.

अडचणी

पहिली अडचण दुहेरी कामाची. ॲप आले, पण वही बंद झाली नाही, असे अनेक ठिकाणी घडते. मग तीच माहिती दोनदा, कधी तीनदा भरावी लागते आणि तो वेळ रुग्णांच्या वाट्यातून जातो.

दुसरी अडचण धाकाची. कमी आकडा दिसला की विचारपूस आणि बोलणी, असा अनुभव आला की आकडे आपोआप ‘सुधारतात’. प्रणाली कितीही महाग असली तरी भीतीने भरलेला आकडा ती ओळखेलच असे नाही.

तिसरी अडचण भागाकाराची. किती बाळांना लस दिली हे कळते, पण गावात एकूण बाळे किती? २०११ नंतरची जनगणना लांबल्यामुळे हा आकडा अंदाजानेच धरावा लागला. म्हणून कधी कधी लसीकरण १०० टक्क्यांहून अधिक दिसते.

चौथी बाब गुप्ततेची. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात यांच्या नोंदी चुकीच्या हाती गेल्यास माणसाचे घर आणि नोकरी दोन्ही धोक्यात येतात. भारतात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला. चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, हेही लक्षात ठेवावे.

सीमाभागातील कुटुंबांसाठी

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. चंदगडची लेक बेळगावात दिलेली असते. तिची गरोदरपणाची नोंद कर्नाटकात होते, बाळंतपण महाराष्ट्रात आणि बाळाचे पुढचे डोस पुन्हा कर्नाटकात. एका राज्याच्या यादीत ती ‘पुढे आलीच नाही’ अशी दिसते, दुसऱ्यात अचानक उगवते. त्यात नाव एकीकडे कन्नडमधून आणि दुसरीकडे मराठीतून इंग्रजीत लिहिले जाते. अक्षरांत फरक पडला की एकाच बाईच्या दोन नोंदी होतात. रक्तगट, रक्तदाब, आधीचे सिझेरियन ही माहिती नेमकी हवी तेव्हा समोर नसते. म्हणून पुढील गोष्टी घरोघरी पाळाव्यात :

• माहेरी जाताना माता-बाल संरक्षण कार्ड (कर्नाटकात ‘तायी कार्ड’) आणि तपासण्यांचे कागद बरोबर न्यावेत. कार्डाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवावा.
• निघण्यापूर्वी सासरच्या आशाताईंना आणि पोहोचल्यावर माहेरच्या आशाताईंना कळवावे.
• प्रत्येक ठिकाणी नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारकार्डावरील असेल तेच द्यावे.
• बाळाच्या प्रत्येक डोसची तारीख कार्डावर लिहून घ्यावी. तोंडी सांगण्यावर राहू नये.
• क्षयरोगाचे उपचार चालू असताना गाव बदलले तर निक्षय क्रमांक सांगून उपचार नव्या ठिकाणी वर्ग करून घ्यावेत. गोळ्यांत खंड पडू देऊ नये.

मंडळांच्या आरोग्य शिबिरांनाही हे लागू आहे. रक्तदाब आणि साखर तपासून आकडे मंडळाच्या वहीत लिहिले आणि वही कपाटात गेली, तर तपासणीचा फायदा कोणाला? प्रत्येकाला त्याच्या आकड्यांची चिठ्ठी द्यावी आणि ज्यांचे आकडे जास्त आहेत त्यांना जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात पाठवावे. तिशीवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी आणि नोंद तेथे होते. शिबिराची यादी मात्र भिंतीवर किंवा व्हॉट्सॲप गटावर टाकू नये.